शेजारच्या टेबलावरची कांडी

कुणाला हसायचं त्याने खुशाल हसावं. हे माझ्या सख्ख्या ताईवर बेतलंय, आणि ताई थापा मारणारी बाई नाही.

सुट्टीचा दिवस होता. भर दुपार. जागा, रसायनशास्त्राच्या इमारतीतली तिची लॅब.

ताई तिथे बनावट साखर तयार करायची. म्हणजे साखरेच्या रेणूतला एक ऑक्सिजन काढून त्याच्या जागी नायट्रोजन बसवायचा. शरीर फसतं, खरी साखर समजून तिला जवळ करतं. अशातूनच काही औषधं निघतात.

पण ताईच्या हातून नुसता चिकट पाक व्हायचा. स्फटिक काही धरेनात.

लॅबचे प्रमुख आमचे भावोजीच. त्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको याच लॅबमध्ये, ताईच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. तापाचं निमित्त झालं आणि गेली.

"ती काचेची कांडी घेऊन फ्लास्क आतून जरासा घासायची, की स्फटिक हजर," भावोजी सांगायचे. "हाताला गुण होता तिच्या."

ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. मेलेलीशी काय भांडणार?

त्या दुपारी भावोजी खाली ऑफिसात होते. ताई एकटीच कांडी घासत बसली होती. हात भरून आला म्हणून थांबली...

आवाज थांबला नाही.

कर्र... कर्र...

शेजारच्या टेबलावरून.

तिथे कुणीच नव्हतं.

दुसरी कुणी असती तर पळत सुटली असती. ताई भडकली.

"माझं मी बघून घेईन! तुझे उपकार नकोत मला!"

आवाज बंद.

ताई तोंडावर पाणी मारायला बाहेर गेली. परत आली, तर दाराशीच पाय थबकले. आत भावोजी बोलत होते. हळू आवाजात, लाडाने. तिच्याशी ते असं कधीच बोलले नव्हते.

आणि मग... एक बाई हसली.

ताईने धाडकन दार ढकललं.

भावोजी एकटेच. हातात ताईचा फ्लास्क. आत पांढरेशुभ्र स्फटिक.

"जमलं की गं तुला!"

"कुणाशी बोलत होतास?"

"कुणाशी म्हणजे? तुझ्याशीच. आत्ता इथेच तर उभी होतीस."

ताईने मागे वळून दाराकडे पाहिलं. "काय... काय म्हणाले मी?"

"म्हणालीस, 'तिला आता घरी पाठव.'" भावोजी हसले. "कुणाला गं?"

ताईने ती नोकरी सोडली. भावोजी मात्र ऐकायला तयार नाहीत. सुट्टीलाही लॅबमध्ये जातात, आणि खुशीत घरी येतात.

परवा ताईचा रडत फोन आला. घाबरली होती की जळत होती, मला सांगता येणार नाही.

एवढा उशीर का, असं तिने दारातच विचारलं होतं. भावोजी तिच्याकडे बघतच राहिले.

"असं काय करतेस? आपण बरोबरच तर आलो ना..."