कालचीच लाल चप्पल

कचरा परत आला होता.

स्टोअरवाल्या ताई कमरेवर हात ठेवून वाळूत उभ्या राहिल्या. काल सगळ्या ऑफिसने मिळून हा किनारा लख्ख केला होता. आज मुख्यालयातले पाहुणे सफाई बघायला येणार, म्हणून साहेबांनी काल सफाईचा चक्क सराव ठेवला! ताईंची कंबर अजून ठणकत होती. आणि पायाशी ही तुटक्या पट्ट्याची लाल चप्पल. काल त्यांनीच उचललेली.

“भरतीने आणला असेल,” फोटो काढणारा म्हणाला. त्याला सगळे गॉगल म्हणत.

“भरती कसली!” साहेब कडाडले. “ड्रायव्हर, पिशव्या न्यायला सांगितल्या होत्या ना? तुम्ही इथेच सोडल्यात, कुत्र्यांनी फाडल्या. द्या गाडीची चावी. उद्यापासून येऊ नका.”

रागारागात त्यांनी बिस्किटाच्या रिकाम्या कागदाची घडीवर घडी घालून इवलासा चौकोन केला आणि खिशात टाकला.

ड्रायव्हरकाकांनी चावी घट्ट धरली. “ताई, मी पिशव्या न्यायला आलो तेव्हा ढीगच नव्हता हो.”

“मग कुणाला विचारायचं तरी!”

“वाटलं, पालिकेने नेला. चुकलंच. लेक बाळंतपणाला आलीय, आता घरी काय सांगू?”

ताईंना दोघांचाही राग आला. आणि कमरेचाही.

त्यांनी एक बाटली उचलली. चेपलेली, बिनझाकणाची. दुसरीही तशीच. मग त्या सफाई मोहिमेच्या फलकापासून पलीकडच्या खडकापर्यंत चालत गेल्या, खडकामागे वाकल्या आणि हात पाठीमागे लपवून परतल्या.

“गॉगल, तुझा कॅमेरा कुठे लावलास?”

“साहेबांनी दाखवला तिथेच. फलकासमोर.”

“काल इथे शेवटी कोण थांबलं होतं?”

“फलक नीट बसलाय का बघायला साहेब थांबले होते.”

“काय चाललंय काय?” साहेब म्हणाले.

“सांगते ना. आपण झाकणं काढून बाटल्या चेपतो, नाहीतर पिशवीत मावत नाहीत. समुद्र एवढी मेहनत घेत नाही. म्हणजे हा आपलाच कचरा. कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या म्हणता, मग चिंध्या कुठे आहेत? आणि कुत्री काय फोटोच्या चौकटीपुरतीच आली? खडकापलीकडे कागदाचा कपटा नाही. सराव झाला झकास, पण आज पाहुण्यांसमोर उचलायचं काय? म्हणून कुणीतरी पिशव्या खडकामागे लपवल्या आणि मग इथे ओतल्या.”

“ड्रायव्हरनेच!”

ताईंनी हात पुढे केला. तळव्यावर रिकाम्या पिशव्या होत्या. प्रत्येकीचा घडीवर घडी घालून केलेला इवलासा चौकोन.

“साहेब, खिशातला कागद काढता का जरा?”

साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. गॉगलने गॉगल काढला.

“ऑफिसच्या भल्यासाठीच केलं,” साहेब पुटपुटले. “स्वच्छ किनाऱ्याचा फोटो कोण बघतं?”

“आणि काकांची नोकरी? तीही फोटोसाठीच?”

साहेब काकांकडे वळले. “चावी... राहू दे तुमच्याकडेच. माझं चुकलं.”

काकांनी चावी खिशात घातली आणि वरून हात दाबून धरला.

रस्त्यावर पाहुण्यांची गाडी थांबली. ताईंनी आपले हातमोजे साहेबांच्या हातात दिले.

“लाल चप्पल तुम्ही उचला. मी काल उचललीय.”