लंगडणारा चांदवा

मोन्फ्रालला उत्सवाच्या मिरवणुकीत पाद्रीबाबांच्या डोक्यावर मखमली चांदवा धरतात. त्याच्या दांड्या सहा, आणि कोणाच्या हातात कुठली दांडी यावरून त्या डोंगरी गावात माणसाची किंमत ठरते. पुढची उजवी दांडी नगराध्यक्षाची. मागची डावी, जिच्या पाठीशी बँडवाला ढोल बडवत येतो, ती उपाध्यक्षाची. एव्हारिस्तु पिमेंतेलने वर्षानुवर्षं तीच धरली होती आणि त्याचा उजवा कान त्यापायी अधू झाला होता.

पुढच्या दांडीला डॉक्टर साराइव्हा असत. फ्लँडर्सच्या लढाईत त्यांचा डावा पाय ताठ झाला होता. एक पाऊल टाकायचे, दुसरं फरफटत आणायचे. टक्, फर्र. टक्, फर्र. बाकीचे पाचजण त्यांच्याशी पाऊल जुळवत, त्यामुळे अख्खा चांदवा लंगडत चाले. "आमचा चांदवासुद्धा डॉक्टरांचाच हो!" असं बाया कौतुकाने म्हणत, आणि मागे पिमेंतेलच्या अंगाचा तिळपापड होई. दोन्ही पाय धड असलेल्या माणसाकडे कुणी ढुंकून पाहत नसे.

अध्यक्ष नेमायचा लिस्बनने, काढायचाही लिस्बनने, म्हणजे देश मुठीत ठेवणाऱ्या तिथल्या साहेबांनी. तिथे मर्जी असेल तर माणूस मरेपर्यंत खुर्चीत. पिमेंतेलने तेवढीही कळ काढली असती. पण डॉक्टर विधुर, आणि मिरवणुकीनंतर दर वर्षी त्याच्याच घरी जेवायला यायचे. जिन्यावर टक्, फर्र वाजलं की त्याची बायको ओलिंपिया एप्रन सोडायची, केसांवरून हात फिरवायची आणि धावत दार उघडून त्यांची काठी हातात घ्यायची. त्याच्या स्वतःच्या पावलांना ती स्वयंपाकघरातूनच "दार उघडंच आहे" म्हणायची.

गेल्या उत्सवाला बकरीच्या करडाचं भाजलेलं मांस पानात पडलं असताना डॉक्टर म्हणाले, "ऐकलंत का? देवाने लिस्बनच्या साहेबांना वर बोलावलं. साहेबांनी निरोप धाडला, गुरुवारी कचेरीच्या वेळात या, टोपी काढून या!"

ओलिंपिया तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. लग्नानंतर इतक्या वर्षांत पिमेंतेलने ते हसणं पाहिलं नव्हतं. विनोदाचं त्याला काहीच वाटलं नाही. त्याला ते हसणं झोंबलं. पुढच्याच आठवड्यात तो दात दाखवायला म्हणून पोर्तूला गेला, आणि जिथे असलं काही सांगायचं असतं तिथे सांगून आला.

हिवाळ्यात डॉक्टरांना न्यायला काळी गाडी आली. वसंतात पेटी आली, झाकण ठोकून बंद केलेली. हृदय थांबलं, असं कळवलं होतं. ओलिंपियाने नवऱ्याला एकच वाक्य ऐकवलं. "त्या दिवशी जेवायला आपण तिघंच होतो, अहो."

यंदा पुढची दांडी पिमेंतेलची होती. गाव आज आपल्याला मानणार, आणि खिडकीतून ओलिंपियाही बघणार, एवढंच त्याच्या मनात होतं. तांबडा झगा अंगावर चढवून तो ऐटीत निघाला. रस्त्यावर रोझमेरीचा सुवासिक पाला पसरला होता, खिडक्यांतून रेशमी चादरी सोडल्या होत्या.

विहिरीपाशी चांदवा डावीकडे कलला. सावरला. पुन्हा कलला.

"तिबेरियू!" मागची दांडी धरलेल्या औषधवाल्यावर तो दातओठ खात खेकसला. "लंगडणं सोडा आता. ते दिवस गेले."

"मी कुठे लंगडतोय, अध्यक्षसाहेब? पुढून ओढ येते तसा चाललोय."

"पुढे मी आहे."

"तेच म्हणतोय मी," तिबेरियू म्हणाला आणि खाली बघू लागला.

पिमेंतेलने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ते सरळ पडत होते. पण दगडी फरशीवर टक्, फर्र वाजत होतं. बँड थांबलेला असल्यामुळे ते स्वच्छ ऐकू येत होतं. जुन्या सवयीने कुणीतरी मागे फरफटत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

कोपऱ्यावर आंधळी फेलिझ्मिना म्हातारी स्टुलावर बसली होती. चांदवा जवळ येताच तिचा चेहरा फुलला.

"डॉक्टर, यंदा पाय जास्त दुखतोय का हो?"

कुणी हसलं नाही. तिच्या शेजारच्या बायांनी माना लववल्या, पण त्याच्याकडे बघून नव्हे. त्याच्या खांद्याच्या जरा पलीकडे बघून.

मेल्यावरही! त्याने दांडी गच्च आवळली, तेव्हा लक्षात आलं की तिचं वजनच लागत नाही. हाताच्या जरा खाली, दांडीला गुंडाळलेली मखमल कुणी मुठीत धरल्यासारखी दबलेली होती. उबदार होती.

त्याने एकेक बोट सोडलं.

दांडी उभीच राहिली. पुढे गेली. टक्, फर्र.

तो झग्यासकट गल्लीत वळला आणि घराकडे पळत सुटला. त्याला कुणी हाक मारली नाही.

घरात भाजलेल्या मांसाचा वास सुटला होता. टेबलावर तीन पानं मांडली होती.

"तिसरं कुणाचं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"दर वर्षी कुणाचं असतं?"

"तो मेलाय, ओलिंपिया! आता मी आहे अध्यक्ष. मी!"

"हळू बोला," ती म्हणाली.

जिन्यावर पाऊल वाजलं. टक्, फर्र.

ओलिंपियाने एप्रन सोडला. केसांवरून हात फिरवला आणि धावत जाऊन दार उघडलं.

दारात कुणीच नव्हतं.

तिने काठी घ्यायला हात पुढे केला, बाजूला सरून वाट दिली आणि दार हलकेच लावलं. मग टेबलाची मुख्य खुर्ची, पिमेंतेलची खुर्ची, तिने मागे ओढली. खुर्ची करकरली.

ती समोर बसली. मान तिरकी करून ऐकू लागली.

पिमेंतेल भिंतीला टेकून उभा होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

आणि मग ओलिंपिया हसली. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

डोळे पुसत तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "जा मग. सांगून या."