हॉस्टेल वगळा

"माझं कर्ज कुणीतरी कापलंय," खुर्चीत बसायच्या आधीच स्नेहल म्हणाली.

अशोकस्तंभाजवळच्या त्या छोट्या ऑफिसात हर्षलचा चहा हातातच राहिला. कापलेलं कर्ज तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्याच्या बॉस, डिटेक्टिव्ह दीपमालाताई, मात्र पुढे सरकल्या.

स्नेहल मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची. पुण्यात डेंटलला नंबर लागलेला. बँकेचा २००४ चा नियम असा, की चार लाखांपर्यंत शैक्षणिक कर्ज बिनजामीन. त्यावर जामीनदार हवा. तिनं साडेचार मागितले होते. तिचे मल्हारीकाका जामीन राहणार होते.

"परवा माझ्या नावानं एका बाईनं बँकेत फोन केला. हॉस्टेल वगळा, चारच द्या, जामीनदार नको. साहेबांनी तसंच केलं. घरी आणि मैत्रिणीला मी इतकंच सांगितलं, की कर्ज कमी झालं. पुढचं कुणालाच नाही."

आधी गाठलं मैत्रीण साईला. अर्ज दोघींनी मिळून भरला होता. हर्षलला तिथंच संशय आला.

"मी करीन फोन?" साई उसळली. "आम्ही एकाच खोलीत राहणार होतो. पैसे कमी पडून ती पुण्याला नाही आली तर मी तिथं एकटी!"

मळ्यात काका शेवंती तोडत होते. "किती कमी झालं? मला तर पत्ताच नाय."

त्यांच्या बायकोनं, नवसाकाकूंनी पाणी दिलं. "पोर लय हुशार हाय. हॉस्टेल नाय तर नाय, माझी बहीण हाय की पुण्यात. तिच्याकडं राहील."

"किती मायाळू बाई!" परतताना हर्षल म्हणाला.

"मायाळू आहेतच. पण हॉस्टेलच कापलंय, हे त्यांना कुणी सांगितलं? आपण तर नाही."

हर्षल जागीच थांबला.

"साईचं त्यात नुकसान, काकांना काही ठाऊक नाही. कशावर काट मारली ते बँक, स्नेहल आणि फोन करणारी, तिघांनाच माहीत. चल मागे, स्नेहललाही बोलावून घेऊ."

काकूंनी नाकारलं नाही. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माझा बाप असाच जामीन राहिला होता. घर गेलं आमचं. हिला तोंडावर नाय म्हणवेना."

स्नेहल त्यांच्याशेजारी बसली. "मला सांगायचं ना, काकू."

काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"नोकरी लागली की आधी हप्ता भरशील?"

"आधी हप्ता."

"काकांना नाय, मला वचन दे."

स्नेहलनं हात पुढे केला. काकूंनी तो घट्ट धरला आणि वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, सकाळी बँकेत जायचंय. मी पण येणार."