खाटेपुरती जागा

टेपचं दुसरं टोक कॉरिनच्या हाती आलं ते निव्वळ योगायोगानं. बाहेर मार्चमधला बर्फाळ पाऊस लागला होता, आणि यंग्सटाउनच्या स्लोव्हाक क्लबच्या हॉलमध्ये एक अनोळखी तरुण एकटाच भिंत मोजायची झटापट करत होता.

"जरा धराल?"

"हॉल मी सांभाळते. भिंत विचारून मोजायची असते."

"मग विचारतो... धराल का, प्लीज?"

तिला हसू आलं. तिनं टोक धरलं.

त्या तरुणाला, वेस सोव्हाला, हॉल हवा होता फँटसी बेसबॉलसाठी. दरवर्षी त्याच्या वडिलांची दोस्तमंडळी जमायची, आळीपाळीनं खऱ्या खेळाडूंची नावं पुकारायची आणि आपापला कागदावरचा संघ बांधायची. पुकारलेलं नाव भिंतीवरच्या फळ्यावर चिकटायचं, मग ते दुसऱ्या कुणाला घेता यायचं नाही. म्हणून भिंत मोकळी हवी, आणि टेबलं अशी की कुणाची मान अवघडू नये.

"आणि डॅडची खाट," तो हळूच म्हणाला. "मागच्या दाराशी. म्हणजे... काही झालंच तर पटकन बाहेर काढता येईल."

वेसच्या वडिलांच्या, एमिल सोव्हांच्या, आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हाताऱ्याचा एकच हट्ट उरला होता: यंदाची खेळाडूंची निवड दोस्तांत बसून, अगदी नेहमीसारखी करायची.

"दाराशी खांब आडवा येतो, फळा दिसणार नाही," कॉरिन म्हणाली. "खाट मधोमध घ्या. दारापर्यंतची वाट मी मोकळी ठेवते."

"तुम्ही नेहमी असेच हुकूम सोडता?"

"गिऱ्हाईक ऐकत नसेल तर!"

तो तिच्याकडे बघत राहिला—जरा जास्तच. टेप निसटली आणि सर्रकन त्याच्या बोटांवर आपटली.

मग खुर्च्यांचं, दिव्यांचं, काही ना काही निमित्त काढून तो येत राहिला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. घरून वाईट बातमी आली की मात्र तो नुसताच टेबलं सरकवत बसायचा, आणि ती येऊन टेबलाचं दुसरं टोक धरायची.

निवडीच्या दिवशी खाट मधोमध आली. पण मंडळी कुजबुजत होती, जणू मयतीला आलीत. एमिलची पाळी आली. त्यांनी नाव पुकारलं... आणि ते आधीच फळ्यावर होतं! असं झालं की टेबलं बडवून हुर्यो उडवायची आणि चुकणाऱ्यानं सगळ्यांना बिअर पाजायची, हा या टोळक्याचा रिवाज. आज सगळे गप्प.

"असू दे, एमिल. दुसरं नाव घे," कुणीतरी पुटपुटलं.

एमिलचा चेहरा पडला. कॉरिनला ते बघवेना.

"हुर्योऽऽ!" ती काउंटरमागून ओरडली. "डोळे कुठे आहेत, मिस्टर सोव्हा? ते नाव कधीच गेलं! काढा बिअर!"

वेस पांढराफटक पडला. आणि एमिल हसले. खोकत, धापा टाकत, पण पोटभर.

"ऐका, गाढवांनो! गप्प बसायचं ते मी मेल्यावर बसा!"

मग टेबलं अशी बडवली गेली की फळ्यावरच्या चिठ्ठ्या गळाल्या.

निवड संपता संपता एमिल ग्लानीत गेले. दोस्तांनी मोकळ्या वाटेनं खाट उचलून बाहेर पावसात उभ्या गाडीत चढवली. वेस आत बसला. कॉरिन मागोमाग गाडीपाशी आली.

"कॉरिन... आज बोलू नये, पण मला तू फार आवडतेस. आता मात्र सगळे दिवस वाईटच येणार आहेत. तुला द्यायला माझ्यापाशी दुसरं काही नाही."

"ठाऊक आहे मला."

तिनं पावसातच एप्रन सोडला, गाडीच्या पायरीवर पाय ठेवला.

"सरक जरा," ती म्हणाली.

तो सरकला.