सोड्याच्या बाटल्या आणि खतडेपोची किल्ली

चांगुणा भांडायला निघाली होती आणि ऊन वाढायच्या आत तिला भांडण उरकायचं होतं.

तिच्या मुठीत फडक्यात गुंडाळलेला हिरवट काचेचा तुकडा होता. हाच तुकडा सकाळी त्यांच्या पाखऱ्या बैलाच्या खुरातून निघाला होता. पाखऱ्या घोडेगावच्या बाजारातून आणलेला, घरातला सगळ्यात लाडका गडी. आता तो गोठ्यात तीन पायांवर उभा होता आणि पेरणी महिन्यावर आली होती!

"ताई, हळू की गं!" मागून दहा वर्षांचा गोरक्ष पळत आला. त्याच्या चड्डीचे दोन्ही खिसे गोट्यांनी भरलेले असल्यामुळे तो पळताना खुळखुळ्यासारखा वाजत असे.

"हळू कशाला? नगरपालिकेचं खत म्हणून आप्पांनी दोन गाड्या शेतात टाकल्या. खत हाय का कासाराचं दुकान? आज मी रोझीच्या बापाला इचारनारच!"

आंबेखिंड गावाला नुकतीच नगरपालिका मिळाली होती. गावात नळ नव्हते, दिवे चौकापुरते होते, पण नियम भरपूर झाले होते. कारण नियमाला पाइप लागत नाही. त्यातला सगळ्यात मोठा नियम चावडीच्या भिंतीवर रंगवलेला होता : कुजणारा कचरा लाल पिंपात, न कुजणारा पांढऱ्या पिंपात. दुकानदार व कारखानदार यांनी आपली काच, पत्रा व चिंध्या दर सोमवारी स्वतः भंगार डेपोत पोचवून पावती घ्यावी.

एकाहत्तरच्या त्या मे महिन्यापर्यंत घरोघरच्या बायांनी हा नियम जवळजवळ पाठ केला होता. साळूबाईंना नारळाची करवंटी चुकीच्या पिंपात टाकली म्हणून नोटीस आली होती. छबूबाईंनी तर नगरपालिकेत जाऊन विचारलं होतं, "मेलेला उंदीर कुजतो, ते कळलं. पन त्याच्या शेपटीला बांधलेला सुतळीचा तुकडा कुठल्या पिंपात?" तिथल्या कारकुनाने दोन दिवसांची मुदत मागून घेतली होती.

लाल पिंपातला कचरा गावाबाहेरच्या खतडेपोत जाई, खड्ड्यात मातीखाली कुजे आणि शेतकऱ्यांना विकला जाई. डेपोचे राखणदार होते यशया काका. त्यांची मुलगी रोझी चांगुणाच्या वर्गात, तिच्याच बाकावर बसायची.

डेपोच्या फाटकाशी चांगुणा पोचली आणि तोंड उघडणार तोच थबकली. यशया काकांच्या खोलीसमोर पत्र्याची एक ट्रंक आणि बांधलेली वळकटी होती. रोझी ट्रंकेवर बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"भांडायला आलीस ना?" रोझी म्हणाली. "भांड. तुझी चौथी पाळी. सकाळपासनं तिघं येऊन गेले."

चांगुणाचं अर्धं भांडण तिथंच संपलं. "हे सामान कशाला?"

"शनवारी कमिटी येनार. बाबांकडनं किल्ली काढून घेनार. मग नगरला आत्याकडं. शाळाबी तिकडंच."

"पन काच आली कुठनं? तुझे बाबा बघत न्हाईत?"

"बघत्यात! बाजारगल्लीच्या पिंपात काच येती म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. तर म्हणले, लेखी द्या. लेखी दिलं. ते गेलं आरोग्य कमिटीच्या अध्यक्षांकडं. त्यांनी त्याच्यावर लिहिलं, ‘चौकशी करावी’, आणि चौकशीला परत बाबांकडंच पाठवलं!"

"मग चौकशीला कोन आलं हुतं का?"

"आली की कमिटी! जीपमधनं. फाटकाशीच थांबली. नाकाला रुमाल. तिथनंच बघून लिहिलं, ‘राखणदाराची हयगय दिसते.’"

चांगुणाने मुठीतला तुकडा पाहिला. मग फाटकापासून खताच्या ढिगापर्यंतचं अंतर पाहिलं. चांगलं दोनशे पावलं होतं. एवढ्या लांबून हयगय दिसायला डोळे फार चांगले लागतात.

"म्हंजी खतात हात घालून कुनीच बघितलं न्हाई?" ती म्हणाली. "ऊठ! चाळन आन."

"कशाला?"

"आपन बघू!"

यशया काकांकडे खत चाळायची मोठी लोखंडी चाळण होती. ते नको नको म्हणत होते, पण पोरी ऐकेनात, तेव्हा त्यांनी जुनी कातडी हातमोज्यांची जोडी काढून दिली आणि स्वतः फावडं घेतलं. दुपारपर्यंत तिघं पोरं डोक्यापासून पायापर्यंत खतमय झाली. चाळणीत काच राहत होती. हिरवट, जाड काच, आणि तिला चिकटलेला लाकडाचा भुसा.

"औषधाच्या बाटल्या न्हाईत ह्या," रोझी म्हणाली. "औषधाची बाटली तपकिरी असती. आन पातळ."

"बांगड्याबी न्हाईत," चांगुणा म्हणाली.

गोरक्षने एक तुकडा उचलला आणि एकदम ओरडला, "अगं ताई! ही तर गोटीसोड्याच्या बाटलीची मान! ही बघ, इथं चिमटा घेतल्यासारखी खाच. गोटी अडकायला!"

मग त्यांनी नुसत्या माना वेगळ्या काढल्या. त्रेसष्ट भरल्या! गोरक्षचं लक्ष मात्र वेगळीकडेच होतं. तो पुन्हा पुन्हा चाळण हलवत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता.

"काय हरवलं रे?"

"गोट्या!" तो जवळजवळ रडकुंडीला आला. "त्रेसष्ट बाटल्या फुटल्या, आन गोटी एकसुद्धा न्हाई! बाटली फुटल्याशिवाय गोटी भाईर येत न्हाई. मग गोट्या गेल्या कुठं?"

यशया काकांनी फावडं टेकवलं.

"माणसं सोडा दुकानावर पितात आणि बाटली तिथंच ठेवतात," ते सावकाश म्हणाले. "घरी कुणी नेत नाही."

"आन भुसा!" रोझी उडीच मारून उठली. "बरफाच्या लाद्या भुशात गुंडाळून येत्यात! बरफ कुठं लागतो?"

गावात सोड्याचा कारखाना एकच होता. तो होता बाजारगल्लीत, काकासाहेबांचा. आणि काकासाहेब कोण? आरोग्य कमिटीचे अध्यक्ष. चावडीवरचा नियम त्यांनीच लिहिला होता, त्यातल्या ‘व’सकट.

"चला, आत्ताच सांगू नगराध्यक्षांना!" गोरक्ष म्हणाला.

"काय सांगशील?" चांगुणाने त्याला बसवलं. "बाजारगल्लीचं पिंप साऱ्या गल्लीचं. काका म्हणतील, कुनीतरी टाकलं असंल. आन पोरांचं ऐकतंय कोन? त्यांचं त्यांनाच बोलू दे की!"

"ते कसं बोलतील?"

"तू गोट्या घे. बोलायचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांच्या दुकानात तिघं हजर झाली. काकासाहेब गोल, हसरे आणि पोरांवर माया करणारे होते. त्यांच्यात वाईटपणा असा काही नव्हता. फक्त भंगार डेपो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि लाल पिंप त्यांच्या दाराशी होतं. मागे त्यांचा गडी आसाराम गॅसच्या यंत्रावर बाटल्या भरत होता. तेवढ्यात फाट्‌ असा आवाज झाला.

"गेली!" आसाराम आतून म्हणाला.

"उन्हाळा हाय, जायाचीच!" काकासाहेब म्हणाले. "गोटी तेवढी उचल!"

गल्ल्याशेजारच्या बरणीत गोट्या काठोकाठ होत्या. पाच पैशाला दोन. गोरक्षने आठवडाभर आंबे पाडून देऊन साठवलेला सगळा खजिना फळीवर ठेवला.

"काका, या खऱ्या सोड्याच्या हायत का? का नगरनं आनलेल्या?" त्याने संशयाने विचारलं.

काकासाहेब दुखावले. "अरे बाबा, बाहेरनं एक गोटी मी आनत न्हाई! सगळ्या हितल्याच बाटल्यांतल्या. ताज्या! ह्या वरवरच्या चाळीस तरी ह्याच महिन्यातल्या असतील!"

गोरक्षने त्या चाळीसच्या चाळीस घेतल्या. चड्डी सावरत तो बाहेर आला, तेव्हा त्याला चालता येत नव्हतं.

शनिवार उजाडला. डेपोत टेबल मांडलं गेलं. ते वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवलं होतं, कारण कमिटी अनुभवी होती. नगराध्यक्ष आले, कारकून आला, काकासाहेब पांढरे शुभ्र कपडे घालून आले. खत घेतलेले शेतकरी आले, त्यांत चांगुणाचे आप्पा, सहादेवराव, पाखऱ्याच्या जखमेची हकिकत सांगायला उभे होते. यशया काका किल्ली हातात धरून बाजूला उभे होते. रोझीने त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट धरलं होतं, इतकं घट्ट की ते पांढरं पडलं होतं.

"तर मंडळी," काकासाहेबांनी घसा साफ केला, "नियम म्हंजे नियम. किल्ली—"

"काका!" चांगुणा वही-पेन्सिल घेऊन पुढे आली. "सुट्टीचा निबंध लिहायचाय. ‘आमच्या गावाची स्वच्छता’. नियम तुमीच केला, म्हणून तुमचं नाव पैलं घालते. दोन सवाल इचारू?"

आप्पांनी डोळे वटारले, पण नाव पहिलं घालणार म्हटल्यावर काकासाहेबांची किल्लीची घाई संपली. "इचार की पोरी!"

"तुमच्या कारखान्यातली काच तुमी सोमवारी भंगार डेपोत नेता ना?"

"काच?" काकासाहेब हसले. नेली म्हणावं तर पावती दाखवावी लागेल, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "अगं, न्यायला काच तर व्हाया पायजे! आमचं काम लई जपून. वर्साला चार-दोन बाटल्या फुटल्या तर फुटल्या."

"चार का दोन?"

"चार लिही!"

"लिहिलं. सही करता? बाई इचारतात, कुनी सांगितलं म्हणून."

काकासाहेबांनी झोकात सही केली. वही नगराध्यक्षांच्या हातात देऊन चांगुणा म्हणाली, "गोरक्षा, ओत!"

गोरक्षने पिशवी टेबलावर उलटी केली. चाळीस गोट्या खळाळत सुटल्या. काही कारकुनाच्या मांडीवर, काही मातीत. त्यांच्याशेजारी रोझीने घमेलं आणून ठेवलं. त्यात त्रेसष्ट माना होत्या.

"साहेब, ह्या गोट्या बुधवारी काकांनीच इकल्या," चांगुणा म्हणाली. "बाहेरची एकबी न्हाई, ह्याच महिन्यातल्या, असं तेच म्हणले. आन ह्या माना खतातल्या. एकीतबी गोटी न्हाई. तुमीबी ल्हानपनी खेळला असशील... असाल! एका गोटीला बाटल्या किती फोडाव्या लागतात?"

नगराध्यक्षांनी एक गोटी उचलली, उन्हात धरली आणि एक डोळा मिटून तिच्यातून पाहिलं. कमिटीच्या कामात एवढा रस त्यांनी प्रथमच घेतला होता.

"एक," ते म्हणाले. "काकासाहेब, एका महिन्यात चाळीस?"

काकासाहेबांनी टेबलावरून घरंगळणारी एक गोटी घाईने पकडली. "म्हंजी... ते... कुनीतरी..."

"मालक, जाऊ द्या आता," गर्दीतून आसाराम पुढे आला. त्याने डोक्यावरची टोपी हातात घेतली होती. "मीच टाकत हुतो, साहेब. मालक म्हणले, भुशात घाल. भुसा कुजतो, म्हंजी लाल पिंपात चालतो. काच आत हाय ते पिंपाला कुठं कळतंय?"

लोकांत हसू फुटलं. सहादेवराव मात्र हसले नाहीत.

"पिंपाला न्हाई कळलं," ते म्हणाले. "माझ्या बैलाला कळलं."

हसू थांबलं. काकासाहेबांनी मान खाली घातली. गोट्यांकडे पाहत ते म्हणाले, "चुकलं माझं. लांब पडायचा भंगार डेपो, म्हणून... बैलाच्या औषधाचं मी बघतो. आन यशया, तुझं नाव मी उगंच घातलं."

"त्यांच्या हातची किल्ली त्यांच्याच हातात राहील," नगराध्यक्षांनी ठरवून टाकलं. "आणि यापुढं कमिटी पाहणी फाटकातून करणार नाही. काकासाहेब, तो खताचा ढीग चाळून झाल्याशिवाय तुम्ही हलायचं नाही. मुलींनो, शाब्बास! तू रे पोरा, तूसुद्धा!"

"गोट्या परत मिळतील का?" गोरक्षने विचारलं. पुरावा म्हणून कारकून त्या रुमालात बांधत होता.

दुपारभर काकासाहेब आणि आसाराम चाळण हलवत राहिले. पांढरे कपडे खताच्या रंगाचे झाले. यशया काका मधूनच वाकून सांगत, "अजून एकदा, मालक. बारीक राहिलीय." रोझी आणि चांगुणाने वळकटीची दोरी सोडली आणि ट्रंक ओढत पुन्हा खोलीत नेली. दोघींना वाटेत दोनदा टेकावं लागलं. ट्रंक जड होती.

संध्याकाळी चाळलेल्या खताचा काळा, भुसभुशीत ढीग तयार झाला. शेतकरी कडेला उभे राहून बघत होते. पुढे कुणी होईना. एकदा पोळलेली माणसं ती.

सहादेवरावांनी यशया काकांकडे पाहिलं. "यशया, आमीबी लई बोललो तुला," ते म्हणाले. मग चांगुणाकडे वळले. "पोरी, आमी समदे खताकडं बघून वरडत बसलो. तू हात घातलास. बरं केलंस."

एवढं बोलून त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं आणि अनवाणी त्या ढिगावर चढले. या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचा रोवत गेले. परत आले. खाली उतरून त्यांनी पायांचे दोन्ही तळवे उलटे करून सगळ्यांना दाखवले. नुसती माती होती.

"भरा गाडी!" आप्पा म्हणाले.