डाव्या पायाची धार

फरहाना घसरत आली ती थेट त्याच्या पायांशी. पडता पडता तिच्या तोंडून जे निघालं ते बाणकोटच्या बंदरावर खपून गेलं असतं. सौदीतल्या खोबरच्या बर्फावर ते कुणाला कळतंय, या भरवशावर तिनं ते चांगलं खणखणीत उच्चारलं होतं.

"तुमच्या अम्मीला सांगू का... असं बोलता ते?" वरून आवाज आला. चक्क मराठीत.

तो आकिब. रिंकच्या खिडकीत बसून भाड्याचे स्केट्स देणारा, खेळाडूंच्या पात्यांना धार लावणारा. गाव बागमांडले. म्हणजे खाडीच्या अलीकडे ती, पलीकडे तो, मध्ये फेरीबोटीची जेमतेम दहा मिनिटं. पण ती दहा मिनिटं ओलांडायला दोघांना वाळवंटात यावं लागलं.

फरहाना फिजिओथेरपिस्ट. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांचे गुडघे सरळ करायचे आणि शुक्रवारी बायकांच्या आइस हॉकी लीगमध्ये स्वतःचे फोडून घ्यायचे, असा तिचा उफराटा धंदा. आकिबनं तिचा स्केट उजेडात धरून पातं निरखलं.

"डाव्या पायाच्या आतल्या कडेवर सगळा भार टाकता तुम्ही. पातं रुततं, म्हणून पडता. डावं जरा बोथट ठेवून देतो."

"आणि तरी पडले तर?"

"तर इथेच पडा," तो पात्याकडे बघत म्हणाला. "मी असतोच."

ती नाही पडली. बर्फ जणू पायाखालून स्वतःच सरकत होता...

मग दर शुक्रवारी ती अर्धा तास आधी येऊ लागली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत बर्फावर तरंगणारा पांढरा गारवा, आणि खिडकीमागे यंत्रातून उडणाऱ्या ठिणग्या. इतक्या वेळा धार लावावी लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघंही तसं म्हणत नव्हते. स्केट हातात देताना तो पातं फडक्यानं पुसायचा – गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. डिसेंबरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही.

जानेवारीत त्यानंच विषय काढला. ठिणग्या थांबवून, मान वर न करता. लीग संपली की तुझ्या घरी मागणी घालू का?

तिला तेच हवं होतं. पण तिचा थोरला भाऊ मोहियुद्दीन अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये इंजिनियर, आणि बहिणीसाठी तो आणत असलेली स्थळंही इंजिनियरांचीच. ती म्हणाली, "उपान्त्य सामन्याला भाई येणार आहे. मी स्वतः तुझी ओळख करून देते. मग बोल."

"नक्की?"

"नक्की."

त्या शुक्रवारी आकिबनं निळा एप्रन काढून ठेवला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना पाणी. सामना सुरू व्हायच्या आधी तिचे स्केट्स दोन्ही हातांत धरून, ताट धरावं तसे, तो बाकाशी आला. मोहियुद्दीन शेजारीच उभा होता. त्यानं सहज विचारलं, "कोण गं हा?"

एवढंच तर सांगायचं होतं. भाई, हा आकिब, आपल्या खाडीपलीकडचा. वाक्य महिनाभर घोटलेलं होतं. पण तिची नजर आकिबच्या बोटांवर गेली, नखांत बसलेल्या लोखंडाच्या काळ्या भुकटीवर... आणि जीभ फिरली.

"भय्या, इधर रख दो," ती म्हणाली. अनोळखी माणसाशी बोलावं तशी, हिंदीत.

आकिबनं स्केट्स बाकावर ठेवले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. "जी, मॅडम."

परतताना गाडीत मोहियुद्दीन म्हणाला, "तो स्केटवाला चेहऱ्यावरून आपल्याकडचा वाटला. विचारायला हवं होतं."

आकिबला फोन करावा असं फरहानाला आठवडाभर वाटलं, पण असली माफी तोंडावरच मागायची असते, असं तिनं स्वतःला बजावलं. खरं तर धीर होत नव्हता. अंतिम सामन्याला ती पोचली तेव्हा स्केट्स धार लावून बाकावर ठेवलेले होते. म्हणजे राग निवळला असावा. तिनं ते हसतच घातले, बर्फावर पाऊल टाकलं... डावं पातं कचकन रुतलं आणि ती तोंडावर आपटली.

धार लावणारा हात त्याचा नव्हता. पायांना लगेच कळलं. पण मन कुठं पायांचं ऐकतं?

सामना त्यांनी जिंकला. बाकीच्या जणी चषकासोबत फोटो काढत असताना ती स्केट्स उचलून खिडकीशी गेली. आत निळा एप्रन पाठमोरा, यंत्रावर वाकलेला. त्या पाठीलाच तिनं सगळं सांगून टाकलं, मराठीत, एका दमात. "मला तुझी लाज नव्हती वाटत रे. माझीच वाटली. भाई बाहेर उभा आहे, चल, आत्ता सांगते त्याला."

ठिणग्या थांबल्या. वळला तो कुणी वेगळाच, बंगाली चेहऱ्याचा. खिशावर नूरुद्दीन लिहिलेलं.

"आकिब भाई तो मंगल को जेद्दा गए, मॅडम. ख़ुद बोलके बदली लिया. आप क्या बोल रही थीं? हिंदी में बोलिए ना."

फरहानानं स्केट्स काउंटरवर ठेवले. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे.

"कुछ नहीं, भय्या," ती म्हणाली. "बस... बायाँ वाला ज़रा कम तेज़ रखना."