नळ नसलेली खोली

"हात नका लावू—"

मागून आवाज आला तेव्हा डायलिसिस मशीनवरच्या प्लास्टिकचं टोक माझ्या चिमटीत होतं. दारात एक उंच मुलगा उभा होता. एका हातात टाय, दुसऱ्या हातात खारे दाणे.

"काहून?" मी विचारलं.

"सर रागावतेत." त्याने प्लास्टिकवरचं हळदकुंकू आणि झेंडूची वाळलेली माळ दाखवली. "मागच्या खंडेनवमीला पूजा केली. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते ना? इथं रोजच खंडेनवमी."

बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. मला हसू यायला नको होतं... तरी आलं.

तो रत्नपाल, आखाडा बाळापूरचा. मी शिला, डोंगरकड्याच्या उकंडरावांची मुलगी. हिंगोलीतल्या त्या कॉलेजच्या जाहिरातीत लिहिलं होतं : डायलिसिस तंत्रज्ञाची पदवी घ्या, थेट कामाला लागा, देश घडवा. बाबांच्या किडन्या गेल्या तेव्हा आमच्या जवळच्या दवाखान्यात मशीन आलेलं होतं. चालवणारं माणूस नव्हतं. म्हणून बाबा बसने नांदेडला जात राहिले. एकदा पुलावरून पाणी गेलं आणि बस अलीकडेच अडकली. त्यानंतर जायची गरज उरली नाही.

ते चालवणारं माणूस व्हायला मी आले होते. आणि आम्हाला शिकवत होते हस्तांदोलन. "कंपन्यांना काय हवं? आत्मविश्वास!" असं म्हणत रणजीत सर आम्हाला तासभर आरशासमोर हसायला लावत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी आम्हीच रिकाम्या तासाला एकमेकांच्या हाताच्या शिरा चाचपायला लागलो. तेवढा तरी सराव. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. रत्नपालने बाही वर केली, मी त्याच्या कोपराच्या खळग्यात बोट ठेवलं.

"सापडली?"

"हं."

"मंग सोडत काहून न्हाई?"

"सराव करून राहिले."

"करा की... आपली काई घाई न्हाई."

सगळा वर्ग मला ताई म्हणायचा. हा मात्र ताईही म्हणत नव्हता, नावही घेत नव्हता.

"बाबांच्या हातावर फिस्टुला होता," मी म्हणाले. "डायलिसिससाठी दोन रक्तवाहिन्या जोडतात, तो. त्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. शेवटच्या दिवशी मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसले..."

त्याने एकही थट्टा केली नाही. हातही मागे घेतला नाही.

मग तपासणी समिती आली. आम्हाला घडी न मोडलेले पांढरे कोट दिले. प्लास्टिक निघालं, माळ निघाली, आणि सरांनी मला मशीनशेजारी उभं केलं. "हसा."

समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "चालवून दाखवा ना."

"मॅडम, लाइट गेली आहे," सर म्हणाले.

डोक्यावर पंखा करकर फिरत होता. सगळे खाली बघत होते. सर माझ्याकडे बघत होते. प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्या हातात होते, आणि पदवीशिवाय मला कुणी मशीनजवळ उभं करणार नव्हतं.

"पंखा फिरतो आहे, मॅडम," मी म्हणाले. "आणि लाइट असली तरी हे चालणार नाही. याला सारखं पाणी लागतं. या खोलीत नळच नाही."

बाईंची नजर चारही भिंतींवरून फिरली.

"हिच्या घरी नुकतंच दुःख झालंय," सर घाईने म्हणाले. "त्यामुळे जरा..."

माझं दुःख त्यांनी असं वापरायला काढलं!

"हो, झालंय. म्हणूनच मला माहीत आहे."

"मलाबी हे कदी चालवाया भेटलं न्हाई, मॅडम," शेजारून रत्नपाल म्हणाला. "टाय मातर झक्कास बांधतो."

दोघांनाही सरांनी बाहेर काढलं. व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे कोटावर उडत होते.

"आता काय वो?" त्याने विचारलं.

"नळ बसल्याशिवाय मी इथून हलणार नाही. रोज दारात येऊन उभी राहीन."

"मंग तो नळ लवकर बसूच नये, असं वाटून राहिलं मला..."

"असं बोलू नका!" माझा आवाज चढला. "तोवर कुणीतरी त्या बसमध्ये बसलेलं असतं."

त्याचा चेहरा उतरला. त्याने टाय ओढून काढला, खिशात कोंबला.

"चुकलं माझं. बसू द्या. उद्याच बसू द्या. मंग तुमच्या गावाकडच्या त्या मशीनवर जाऊ. सकाळची ड्यूटी तुमची, दुपारची माझी..." तो अडखळला. "डबा मातर एकच आणू, शिला."

मी त्याचा हात धरला तेव्हा बोट आपोआप त्या ओळखीच्या शिरेवर गेलं.

"सापडली?" त्याने हळूच विचारलं.

"हं."

"मंग सोडत—"

"सोडणार नाही."

आतून रणजीत सरांचा आवाज आला, "मॅडम, लाइट आली बरं का!"